विश्लेषण : लग्नाच्या आधारे ग्रीन कार्ड, मुलाखतीत नेमके काय तपासले जाते?

‘पहिल्यांदा कुठे भेटलात?’, ‘घरभाडे कोण भरते?’, ‘काल रात्री जेवायला काय होते?’ असे प्रश्न सरकारी अधिकाऱ्याने एखाद्या जोडप्याला विचारावेत, हे आपल्याकडे विचित्र वाटेल. अमेरिकी नागरिकाशी किंवा ग्रीन कार्डधारकाशी लग्न करून तेथे कायम राहू इच्छिणाऱ्यांना मात्र अशा प्रश्नांना सामोरे जावे लागते. या मुलाखतीसाठी समाजमाध्यमांवर प्रश्नसंच फिरतात आणि अनेक जोडपी परीक्षेसारखी उत्तरे पाठ करतात. प्रत्यक्षात तेथे पाठांतर तपासले जात नाही. मग काय तपासले जाते? तयारी कशाची करायची? आणि २०२५ पासून या मुलाखतीचे गांभीर्य का वाढले आहे?

हा मार्ग कोणासाठी?

अमेरिकी नागरिकाच्या पती किंवा पत्नीला कायद्यात ‘निकटचे नातेवाईक’ मानले जाते. त्यांच्यासाठी वार्षिक संख्येची मर्यादा नाही. नोकरीच्या आधारे ग्रीन कार्ड मिळवू पाहणारे भारतीय वर्षानुवर्षे रांगेत असतात. त्या तुलनेत हा मार्ग बराच जवळचा आहे आणि म्हणूनच त्यावर संशयाची नजरही अधिक असते. जोडीदार नागरिक नसून ग्रीन कार्डधारक असेल, तर अर्ज ‘एफ-२ए’ या गटात जातो आणि संख्येच्या मर्यादेमुळे थांबावे लागते. एच-१बी व्हिसावर असलेल्या व्यक्तीला आपल्या जोडीदारासाठी हा अर्ज करताच येत नाही. जोडीदाराला एच-४ व्हिसा मिळतो, तो वेगळा विषय.

जोडीदार आधीपासून अमेरिकेत वैध प्रवेश करून राहत असेल, तर आय-१३० आणि आय-४८५ हे अर्ज केले जातात. मुलाखत अमेरिकी नागरिकत्व व स्थलांतर सेवा अर्थात यूएससीआयएसच्या कार्यालयात होते. जोडीदार भारतात असेल, तर आय-१३० मंजूर झाल्यावर प्रकरण नॅशनल व्हिसा सेंटरकडे जाते आणि मुलाखत अमेरिकी वाणिज्य दूतावासात होते.

कायदा नेमके काय विचारतो?

लग्नाचे प्रमाणपत्र खरे असणे एवढे पुरेसे नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५३ मध्ये ‘लुटवाक’ खटल्यात हे स्पष्ट केले. दुसऱ्या महायुद्धातील माजी सैनिकांच्या जोडीदारांना प्रवेश देणाऱ्या कायद्याचा गैरफायदा घेण्यासाठी नावापुरती लग्ने लावल्याचे ते प्रकरण होते. विधी रीतसर झाला, पण एकत्र संसार करण्याचा हेतूच नव्हता, तर स्थलांतराच्या कायद्यासाठी ते लग्न ग्राह्य नाही, असा त्या निकालाचा अर्थ.

पुढे १९७५ मध्ये ‘बार्क’ खटल्यात अपील न्यायालयाने याची दुसरी बाजू मांडली. जोडपे नंतर वेगळे राहू लागले, एवढ्यावरून लग्न बनावट ठरत नाही. लग्न झाले त्या वेळी दोघांना एकत्र आयुष्य उभे करायचे होते का, हा खरा प्रश्न. म्हणजेच लग्न आदर्श आहे का, दोघांत भांडणे होतात का, हे अधिकाऱ्याने तपासायचे नसते. तपासायचा असतो तो हेतू. हेतू डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो रोजच्या जगण्याच्या खुणांतून शोधला जातो. जेवणाचा किंवा भाड्याचा प्रश्न येतो तो यासाठी.

ठरवून केलेले लग्न संशयास्पद ठरते का?

ठरवून केलेले लग्न हा नकाराचा आधार नाही. मात्र अनेक मराठी घरांत घडते तसे, विवाह संकेतस्थळावरून ओळख, दोन-तीन महिने व्हिडीओ कॉल, तीन आठवड्यांच्या रजेत साखरपुडा आणि लग्न, असा क्रम असेल, तर अधिकारी त्यावर प्रश्न विचारणार हे गृहीत धरावे. अशा वेळी ‘आमचे प्रेम कॉलेजपासून होते’ अशी गोष्ट रचणे ही सर्वात मोठी चूक. स्थळ कोणी सुचवले, पहिल्यांदा कोण बोलले, घरच्यांची भेट कुठे झाली, तारीख कोणी ठरवली, हे जसे घडले तसे सांगणे अधिक विश्वासार्ह ठरते. पाहुण्यांसोबतची छायाचित्रे, पत्रिका, सभागृहाची पावती, विमानाची तिकिटे आणि लग्नापूर्वीच्या संभाषणांच्या नोंदी हे सारे त्या हकिकतीला आधार देते.

वयातील मोठे अंतर, समान भाषा नसणे, लग्नाची बातमी घरच्यांपासून लपवणे, याआधी त्याच नागरिकाने दुसऱ्या जोडीदारासाठी केलेला अर्ज, या बाबींवर अधिक चौकशी होऊ शकते. तरीही यातील एकही बाब आपोआप नकार देत नाही. त्यामागचे कारण सांगता आले पाहिजे.

कोणती कागदपत्रे लागतात?

नियमांत पुराव्यांचे प्रकार दिले आहेत : दोघांच्या नावावरील मालमत्ता किंवा भाडेकरार, एकत्रित आर्थिक व्यवहार, अपत्यांचे जन्मदाखले आणि लग्नाची माहिती असलेल्यांची प्रतिज्ञापत्रे. संयुक्त बँक खाते उघडून त्यात एकदाच रक्कम भरलेली असेल, तर त्याचे वजन फारसे नसते. त्याच खात्यातून दर महिन्याला वीजबिल आणि किराणा जात असेल, तर ते संसाराचा पुरावा ठरते. आरोग्य विमा, निवृत्ती योजनेतील वारस म्हणून जोडीदाराचे नाव, एकत्र भरलेले प्राप्तिकर विवरणपत्र हेही उपयोगी पडते. जोडपे सासू-सासऱ्यांच्या घरी राहत असेल, तर भाडेकरार नसणारच. तेव्हा घरमालक असलेल्या पालकांचे प्रतिज्ञापत्र, त्या पत्त्यावर येणारी पत्रे आणि वाहन परवाने जोडावेत.

महाराष्ट्रातील अर्जदारांची खरी अडचण अनेकदा नावांत असते. लग्नापूर्वी मधले नाव वडिलांचे, नंतर पतीचे. जन्मदाखल्यावर एक आडनाव, पारपत्रावर दुसरे. त्यात इंग्रजी स्पेलिंगचे फरक. अर्जात ‘यापूर्वी वापरलेली नावे’ असा रकाना असतो. त्यात ही सर्व नावे लिहिणे आवश्यक आहे. जुन्या जन्मदाखल्यांत बाळाचे नावच नसते. ते असल्यास स्थानिक जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात आधीच दुरुस्ती करून घ्यावी. लग्नाची पत्रिका किंवा मंदिराची पावती विवाह नोंदणी प्रमाणपत्राची जागा घेत नाही. मराठीतील प्रत्येक कागदासोबत इंग्रजी भाषांतर आणि अनुवादकाचे प्रमाणपत्र लागते. पूर्वीचे लग्न मोडले असेल, तर न्यायालयाचा घटस्फोटाचा हुकूमनामा हवाच. तो नसेल, तर दुसरे लग्नच कायद्याने टिकत नाही.

याशिवाय प्रायोजक जोडीदाराला आय-८६४ हे आर्थिक हमीचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. सर्वसाधारणपणे त्याचे उत्पन्न सरकारी दारिद्र्यमर्यादेच्या किमान १२५ टक्के असावे लागते. ही हमी घटस्फोटाने संपत नाही, हे सही करणाऱ्यांपैकी अनेकांना ठाऊक नसते.

प्रत्यक्ष मुलाखत कशी होते?

यूएससीआयएसच्या कार्यालयात दोघांनी एकत्र हजर राहायचे असते. सुरुवातीला सत्य सांगण्याची शपथ, मग ओळखपत्रांची तपासणी. त्यानंतर अर्जातील माहिती एकेक करून पडताळली जाते : पत्ते, नोकऱ्या, अमेरिकेतील प्रवेशाची तारीख, गुन्हे व सुरक्षेविषयीचे ‘हो किंवा नाही’ स्वरूपाचे प्रश्न. नात्याविषयीचे प्रश्न हा या मुलाखतीचा एक भाग आहे, संपूर्ण मुलाखत नव्हे. म्हणूनच स्वतः भरलेला अर्ज पुन्हा वाचून जाणे ही सर्वात महत्त्वाची तयारी. वकिलाने किंवा नातेवाइकाने भरलेला अर्ज न वाचता सही करणारे येथेच अडखळतात. इंग्रजी सोयीची नसेल, तर दुभाषा नेता येतो. वकील सोबत असू शकतो, पण उत्तरे अर्जदारानेच द्यायची असतात.

संशय आल्यास दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत तेच प्रश्न विचारले जातात. १९७० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये चाललेल्या खटल्यावरून याला ‘स्टोक्स मुलाखत’ म्हणतात. पलंगाच्या कोणत्या बाजूला कोण झोपते, घड्याळाचा गजर कोण लावते, अशा तपशिलांची तुलना येथे होते. उत्तरे जुळली नाहीत तर स्पष्टीकरणाची संधी दिली जाते. नकार देण्याचा विचार असल्याची लेखी नोटीस आली, तर उत्तरासाठी कमाल ३० दिवस मिळतात.

मुंबईतील मुलाखत वेगळी कशी?

भारतातील जोडीदारांच्या इमिग्रंट व्हिसाच्या मुलाखती प्रामुख्याने मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातील अमेरिकी वाणिज्य दूतावासात होतात. येथे सहसा एकटा अर्जदारच खिडकीसमोर असतो. प्रायोजक जोडीदार अमेरिकेत असतो. त्यामुळे त्याची नोकरी, पगार, घराचा पत्ता, त्याचे पूर्वीचे लग्न यांविषयीचे प्रश्न अर्जदाराला विचारले जातात. लग्नानंतर काही दिवसांतच दोघे दोन देशांत गेले असतील, तर एकत्र राहण्याचे पुरावे कमी असणे स्वाभाविक आहे. तेथे कॉलच्या नोंदी, पाठवलेले पैसे आणि पुढच्या भेटींची तिकिटे महत्त्वाची ठरतात. मान्यताप्राप्त डॉक्टरकडील वैद्यकीय तपासणी आणि पोलिस पडताळणी प्रमाणपत्रही लागते. कागद अपुरे असल्यास ‘२२१-जी’ कलमाखाली व्हिसा रोखून ठेवला जातो. तो कायमचा नकार असेलच असे नाही. मात्र लग्नाविषयीच शंका असेल, तर प्रकरण पुन्हा यूएससीआयएसकडे पाठवले जाऊ शकते.

उत्तरे पाठ करावीत का?

पाठ केलेली उत्तरे दोघांची शब्दशः सारखी येतात आणि तेच संशयाचे कारण ठरू शकते. खऱ्या संसारातही नवऱ्याला सासूचा वाढदिवस आठवत नाही, बायकोला त्याचा नेमका पगार ठाऊक नसतो. अशा वेळी ‘आठवत नाही’ किंवा ‘ठाऊक नाही’ हे उत्तर चालते. अंदाजाने ठोकून दिलेले उत्तर चुकले, तर ते शपथेवरचे चुकीचे विधान ठरण्याचा धोका असतो. मुलाखतीपूर्वी दोघांनी एकत्र बसून तारखांचा क्रम उजळावा, अर्ज केल्यानंतर बदललेला पत्ता किंवा नोकरी यांची यादी करावी आणि मूळ कागद क्रमाने लावावेत. पत्ता बदलल्यास १० दिवसांत कळवणेही बंधनकारक आहे.

खोटेपणाची किंमत मोठी आहे. केवळ स्थलांतराचे नियम चुकवण्यासाठी जाणूनबुजून लग्न करणे हा गुन्हा असून त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय, असे लग्न केल्याचे एकदा सिद्ध झाले, तर नंतर खरेखुरे लग्न झाले तरी त्याआधारे अर्ज मंजूर होत नाही.

२०२५ मध्ये काय बदलले?

१ ऑगस्ट २०२५ रोजी यूएससीआयएसने कौटुंबिक अर्जांविषयी सुधारित मार्गदर्शक सूचना लागू केल्या. नात्याचा अर्ज दाखल झाला किंवा मंजूर झाला, तरी त्यातून राहण्याचा वैध दर्जा मिळत नाही आणि अर्जदार देशाबाहेर काढण्यास पात्र असल्यास त्याला स्थलांतर न्यायालयात हजर होण्याची नोटीस देता येते, हे त्यात स्पष्ट करण्यात आले. नोव्हेंबर २०२५ मध्ये सॅन दिएगोत मुलाखतीसाठी आलेल्या काही जोडीदारांना तेथेच ताब्यात घेण्यात आल्याच्या बातम्या आल्या. व्हिसाची मुदत उलटून राहिलेल्या व्यक्तींचा त्यांत समावेश होता.

कायद्याने आजही वैध प्रवेश केलेल्या, पण नंतर मुदत उलटलेल्या व्यक्तीला अमेरिकी नागरिक जोडीदारामार्फत अर्ज करता येतो. जी मुलाखत पूर्वी अशांसाठी औपचारिक समजली जात होती, तिला आता अटकेच्या धोक्याची बाजू आली आहे. त्यामुळे मुदत उलटलेली असणे, जुना गुन्हा, पूर्वीचा हद्दपारीचा आदेश किंवा पर्यटक व्हिसावर येऊन लगेच केलेले लग्न, यांपैकी काहीही असल्यास मुलाखतीपूर्वी स्थलांतर कायद्याच्या वकिलाचा सल्ला घेणे अत्यावश्यक आहे. घाबरून भारतात परतणे हाही सोपा उपाय नाही. वर्षभर किंवा त्याहून अधिक बेकायदा वास्तव्यानंतर देश सोडल्यास १० वर्षांची प्रवेशबंदी लागू होऊ शकते.

ग्रीन कार्ड मिळाले की संपले?

ग्रीन कार्ड मिळताना लग्नाला दोन वर्षे झालेली नसतील, तर ते दोन वर्षांच्या मुदतीचे, सशर्त असते. बनावट लग्ने रोखण्यासाठी १९८६ च्या कायद्याने ही अट आणली. मुदत संपण्यापूर्वीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून आय-७५१ अर्ज करायचा असतो. मुलाखत झाली म्हणून फाइल बंद करणाऱ्यांना तेव्हा तेच पुरावे पुन्हा गोळा करावे लागतात.

या दोन वर्षांत ‘सही करणार नाही, परत पाठवीन’ अशी धमकी देणारे जोडीदारही असतात. परक्या देशात आलेल्या मुलीला आणि इथल्या तिच्या आईवडिलांना हे ठाऊक असायला हवे की, घटस्फोट झाला असेल किंवा छळ होत असेल, तर हा अर्ज एकट्यानेही करता येतो. अट एवढीच की लग्न करताना हेतू खरा होता, हे दाखवता आले पाहिजे. म्हणूनच कागदपत्रांचा एक संच अर्जदाराने स्वतःच्या ताब्यात ठेवावा, सारे काही जोडीदाराच्या कपाटात ठेवू नये.