अंदाजपंचे डबल

बॅकगॅमनमध्ये दोघांच्या सोंगट्या एकमेकांना ओलांडून गेल्या की मारामारी संपली. उरते नुसती शर्यत, म्हणजे हिशोब. तरी लोक डाव दुप्पट करायचा क्यूब 'फील'वर सरकवतात, आणि वर आपल्यालाच ऐकवतात की फॉर्म्युल्याने मजा जाते. कसली मजा राव? चार डाव सोडले तर 4 पॉइंट गेले. चारही घेतले, एक जिंकला, तीन हरलात, तरी 2-2 च्या भावाने 4च गेले. म्हणजे 25 टक्के चान्स असला की सोडण्यात काही फायदा नाही. शिवाय क्यूब तुमच्या हातात येतो तो बोनस. यात फील कुठे आला?

पण '8-9-12' पाठ करून मिरवणारेही तितकेच आळशी. माझे 100 पिप, तुझे 108 तर डबल, 109 ला रिडबल, 112 पर्यंत तू घे. ठीक. आता पहिल्या घरावर 10 सोंगट्या म्हणजे 10 पिप, आणि पाचव्या घरावर 2 म्हणजेही 10च! पहिल्याला सारखे आकडे पडले नाहीत तर 5 वेळा फासे टाकावे लागणार, दुसरा बहुतेक दोनदा टाकून मोकळा. टॉम कीथचा हिशोब नेमकं हेच धरतो: पहिल्या घरावर एकीपेक्षा जास्त असलेल्या प्रत्येक सोंगटीचे 2 जादा, चार-पाच-सहापैकी प्रत्येक रिकाम्या घराचा 1. तेच 10-10 मग होतात 31 आणि 12.

वेळ कुठाय म्हणे. अहो, बेरीज आहे ही! प्रोजेक्टचं एस्टिमेट खुशाल फीलवर द्या, तिथे सगळे तेच करतात.