नट बदलला की हेरही बदलतो

संपादक महाशय,



पटकथा भक्कम असली म्हणजे जेम्स बाँडची भूमिका कोणाही देखण्या नटाने केली तरी चालते, हा गतांकातील पत्रलेखकांचा अभिप्राय आम्हा मुळशीकर रसिकांस मान्य होण्याजोगा नाही. १९६२ साली शॉन कॉनरीने ज्या हेरास हिंस्र ऐट दिली, त्यासच १९७३ पासून रॉजर मूरने मिस्कील केले, १९८७ साली टिमथी डाल्टनने कठोर केले आणि २००६ साली डॅनियल क्रेगने घायाळ होणारा मनुष्य केले. हुद्दा व क्रमांक मात्र कायम राहिले.

याउलट, त्याच १९६२ साली रंगभूमीवर आलेल्या आचार्य अत्रे यांच्या 'तो मी नव्हेच'मधील लखोबा लोखंडे पाहावा: तेथे एकाच नटाने अनेक सोंगे वठवावयाची असल्यामुळे, प्रभाकर पणशीकरांनंतर ज्यांनी ज्यांनी निपाणीचा तो तंबाखूचा व्यापारी उभा केला, त्यांस स्वतःचा स्वभाव झाकणे भागच पडले. बाँडचा नट आपला स्वभाव भूमिकेस उसना देतो. लखोबाचा नट तो दडवितो. सबब पत्रलेखकांचे विधान हेरापेक्षा या भामट्यास अधिक लागू पडते, आणि त्यांनी दाखला तेथून घेतला असता तर आमची हरकत नव्हती.

आपला,
एक वाचक
पौड, ता. मुळशी, जि. पुणे