स्टिअरिंगला हुडहुडी

दोस्तांनो, घरात नवी गाडी आली की काय काय होतं ते तुम्हांला सांगायला नको! चाकांखाली लिंबं ठेवली जातात, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक निघतं, सोसायटीत पेढे वाटले जातात आणि सीटवरचं प्लॅस्टिक काढायचं की ठेवायचं यावर दोन दिवस वाद होतो. आमच्या ताईकडेही हे सगळं यथासांग झालं. मग मंडळी पुण्याहून कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला जाऊन आली. पाण्यावरून होडी जावी तशी गाडी गेली म्हणे!

पण पुढे महिन्याभराने साताऱ्याला जाताना एक विचित्रच प्रकार झाला. भाऊजींच्या हातातलं स्टिअरिंग थरथरायला लागलं. डिसेंबरात गार पाण्याने अंघोळ करून आल्यावर तुमचे हात कसे कुडकुडतात, अगदी तस्सं. गाडीला हुडहुडीच भरली जणू!

झालं. घरात जितकी माणसं तितकी मतं. आजी म्हणाली, "दृष्ट लागली," आणि तिने मीठ-मोहरी ओवाळून टाकली. शेजारचे काका म्हणाले, "अलाइनमेंट करून घ्या." तेही केलं. पैसे गेले, थरथर राहिली. सर्व्हिसिंगवाल्यांकडे नेली, तर तिथल्या मुलाने गाडी आसपासच्या गल्ल्यांतून फिरवून आणली आणि म्हणाला, "काही नाही साहेब, नवी गाडी आहे. रस्ता खराब असेल."

भाऊजी भडकले. "सदोष गाडी आपल्या गळ्यात मारली," म्हणून तक्रारीचं पत्र लिहायला बसले. आणि तोवर काय करायचं, तर त्यांनीच एक तोड काढली, "शंभरला नेली की थरथर थांबते. तेव्हा जरा दामटायची, झालं!"

ही तोड चुकीची होती. का चुकीची, ते पुढे सांगतो. आधी माझी सातवीतली भाची काय म्हणाली ते ऐका.

"मामा, आपल्याला ताप आला की डॉक्टर लगेच औषध देतात का? आधी विचारतात ना, कधीपासून येतोय, केव्हा चढतो, कुठे दुखतं? मग गाडीला कुणीच काही का विचारलं नाही?"

मी गप्पच झालो. खरंच की! अलाइनमेंट झालं, दृष्ट काढून झाली, पण गाडीची विचारपूस कुणीच केली नव्हती.

मग तिने जुन्या वहीच्या मागच्या पानावर चार प्रश्न लिहिले. थरथर कधीपासून आहे? किती वेगाला होते? काय करताना होते, म्हणजे ब्रेक दाबल्यावर, वेग वाढवताना, की नुसतं सरळ जातानाही? आणि कुठे जाणवते, हातात की सीटखाली?

रविवारी सकाळी मोकळ्या हमरस्त्यावर ही फौज निघाली. भाऊजी गाडी चालवणार, ताई शेजारी बसून वेगाच्या काट्याकडे बघणार आणि भाची मागे पट्टा लावून टिपणं काढणार. परत आल्यावर वहीत हे होतं :

कधीपासून : कोल्हापूरला जाताना नव्हती. नंतर आपण पावसात ताम्हिणी घाटातून कोकणात गावी गेलो. हमरस्त्यावर त्यानंतर आत्ताच आलो.
किती वेगाला : ६० पर्यंत काही नाही. ८० ला सुरू. ९० ला सगळ्यांत जास्त. १०० ला कमी.
काय करताना : सरळ जातानाही होते. ब्रेक दाबल्यामुळे वाढत नाही.
कुठे : स्टिअरिंगमध्ये. सीटखाली नाही.

बघा, एवढ्याने केवढा उलगडा झाला! सर्व्हिसिंगवाल्या मुलाला थरथर का सापडली नाही, ते पहिल्यांदा कळलं. गल्लीत गाडी ४० च्या वर जातेच कुठे? तो मुलगा खोटं बोलत नव्हता. जिथे रोग दिसतच नाही, तिथे त्याने रोगी तपासला होता.

आता आपण जरा चाकाकडे बघू या. त्यासाठी तुमची सायकल पुरे. मोठ्या माणसाला बरोबर घ्या आणि सायकल सीटवर आणि हँडलवर उलटी उभी करा. एक लोखंडी नट घेऊन मागच्या चाकाच्या आरीला, रिमच्या अगदी जवळ, सुतळीने घट्ट बांधा. चाक हलकेच फिरवून सोडा. ते डोलत डोलत थांबेल तेव्हा नट तळाशी आलेला असेल. जड बाजू खाली!

आता मोठ्या माणसाला पेडल जोरात फिरवायला सांगा. तुम्ही लांब उभे राहा. बोटं, वेण्या, ओढण्या आऱ्यांपासून दूर! चाक नाचायला लागेल आणि सगळी सायकल हलेल. मग चाक थांबवून तेवढाच दुसरा नट बरोबर समोरच्या बाजूला बांधा आणि पुन्हा फिरवा. काय झालं? सायकल शांत! दोन्ही बाजूंना सारखं वजन झालं, ओढाताण मिटली.

गाडीच्या चाकाचंही असंच आहे. रबराचे आणि दोऱ्यांचे थर जोडून टायर बनतं, त्यामुळे ते सगळीकडून तंतोतंत सारखं नसतंच. म्हणून कोरं टायर रिमवर चढवलं तरी चाक यंत्रावर फिरवून बघतात आणि जिथे वजन कमी पडतं तिथे रिमवर छोटे धातूचे तुकडे लावतात. यालाच 'व्हील बॅलन्सिंग' म्हणतात. पूर्वी हे तुकडे बहुधा शिशाचे असत. आता जस्ताचे किंवा पोलादाचेही असतात. गाडी उभी असताना वाकून रिमकडे बघा, एखादा तुकडा दिसेलही.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा वजनाने एवढी मोठी गाडी कशी हलेल? हिशेबच करू. समजा, १४ इंची रिमच्या कडेजवळ ५० ग्रॅम वजन जास्त झालं. म्हणजे साधारण एका अंड्याएवढं. गाडी ताशी ४५ किलोमीटरने जाताना हे वजन चाकाला बाहेरच्या बाजूला सुमारे १.४ किलोच्या जोराने ओढतं. वेग दुप्पट केला, ९० झाला, तर ओढ दुप्पट होत नाही, चौपट होते! म्हणजे जवळजवळ साडेपाच किलो. आणि ती एकाच दिशेला नसते बरं का. चाक फिरेल तशी वर, पुढे, खाली, मागे. पुढच्या चाकाला ती पुढे-मागे खेचते तेव्हा चाक किंचित डावी-उजवीकडे वळतं आणि ती वळवळ दांड्यांमधून थेट स्टिअरिंगपर्यंत पोचते.

मग १०० ला थरथर कमी का झाली? इथे झोपाळा आठवा. प्रत्येक झोपाळ्याची स्वतःची एक लय असते. त्या लयीत हलके हलके ढकललं तरी झोका उंच जातो आणि लय चुकली की कितीही ढकला, झोका चढत नाही. चाक, स्प्रिंगा, स्टिअरिंगच्या दांड्या या सगळ्यांचीही अशी लय असते. छोट्या गाडीचं चाक एका फेऱ्यात साधारण १.९ मीटर जातं. म्हणजे ८० ते ९५ च्या वेगाला ते सेकंदाला सुमारे पावणेबारा ते चौदा फेरे घेतं. नेमकी तिथेच लय जुळली आणि हुडहुडी भरली. वेग आणखी वाढला की लय चुकते, म्हणून हाताला कमी जाणवतं. पण ओढ कमी झालेली नसते, ती वाढलेलीच असते! दुखणं तसंच, फक्त कण्हणं थांबलेलं. टायर, बेअरिंग, सांधे हे सगळे गुपचूप मार खात राहतात. म्हणून भाऊजींची 'दामटायची' तोड चुकीची.

आता वही पुन्हा उघडू. थरथर 'केव्हा' होते, त्यावरून ती 'कुठून' येते याचा अंदाज बांधता येतो. ब्रेक दाबल्यावरच स्टिअरिंग थरथरत असेल, तर संशय ब्रेकच्या तबकडीवर. वेग वाढवण्यासाठी पाय दाबल्यावरच होत असेल, तर इंजिनाकडून चाकाकडे ताकद नेणाऱ्या दांड्याच्या सांध्यावर. अगदी कमी वेगालाही गाडी डुलत असेल, तर टायरला फुगवटा आला असेल किंवा रिम वाकली असेल. नवी गाडी खूप दिवस एका जागी उभी असेल, तर टायरला खालून चपटेपणा येतो. तो बरेचदा काही किलोमीटर चालवून टायर गरम झालं की जातो. आणि ठरावीक वेगाला, सरळ जातानाही थरथर होत असेल, तर बहुतेक वेळा चाकाचं वजन असमतोल. हातात जाणवली तर पुढची चाकं, सीटखाली जाणवली तर मागची.

आणि अलाइनमेंट? ते बिघडलं की गाडी एका बाजूला ओढते, टायर एकाच कडेला झिजतं. पण त्याने अशी थरथर सहसा होत नाही. शेजारच्या काकांचं औषध चांगलं होतं, रोग वेगळा होता.

टायरच्या दुकानात गाडी नेली. तिथल्या काकांनी भाचीची वही नीट वाचली, चष्मा वर केला आणि म्हणाले, "असं लिहून आणणारं गिऱ्हाईक मी पहिल्यांदा बघतोय!" त्यांनी आधी पान्याने सगळे नट घट्ट आहेत का ते पाहिलं. होते. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचा तक्ता बघून हवा मोजली. बरोबर. मग त्यांनी पुढची दोन चाकं मागे आणि मागची पुढे लावली. "बाकी कश्शाला हात लावायचा नाही," ते म्हणाले, "आता चक्कर मारून या."

भाऊजी चक्कर मारून आले. स्टिअरिंग शांत! पण थरथर गेली नव्हती, ती सीटखाली आली होती. म्हणजे दुखणं स्टिअरिंगमध्ये नव्हतंच, चाकाबरोबर ते मागे गेलं होतं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, म्हणजे उत्तर असं स्वच्छ मिळतं. चार गोष्टी एकदम बदलल्या असत्या तर काय कळलं असतं?

ती दोन्ही चाकं काढली. काका डावं चाक यंत्रावर चढवणार, इतक्यात भाचीने रिमच्या आतल्या बाजूला बोट दाखवलं. तिथे तांबड्या मातीचा तळहाताएवढा वाळलेला थर होता, विटेसारखा टणक. ही माती ओळखीची होती. गावी पावसात गाडी बांधाच्या कडेला चिखलात रुतली होती ना, डावं चाक! घरी आल्यावर गाडी चकचकीत धुतली, पण बाहेरून. आतल्या बाजूला कोण बघतो? आणि गाडी एवढी पळाली तरी माती पडली कशी नाही? बादलीत पाणी घेऊन गरागरा फिरवली तर पाणी सांडत नाही, तळाशी दाबून राहतं. तसंच ही माती फिरताना रिमलाच दाबून बसत होती.

काकांनी पत्र्याच्या तुकड्याने माती खरवडली, चाक धुतलं आणि यंत्रावर फिरवलं. आकडा जवळजवळ शून्यावर आला. पाच ग्रॅमचा एक तुकडा चिकटवला आणि काम संपलं. चाकं पुन्हा आपापल्या जागी बसवून गाडी हमरस्त्यावर नेली. ८०, ९०, हुडहुडी गायब!

परत येताना भाऊजी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बरं झालं, पत्र पोस्टात टाकलं नाही. आपण गावचा चिखल घेऊन हिंडत होतो आणि दुसऱ्यांना बोल लावत होतो." म्हणजे कंपनीची चूक कधीच नसते, असं मुळीच नाही हं! नव्या गाडीतही दोष निघतात, आणि निघाला तर तो हक्काने दुरुस्त करून घ्यायचा. पण दोष सापडायच्या आधी दोषी ठरवून मोकळं होऊ नये, इतकंच. आणि खरंच दोष असेल, तर अशी नीट लिहिलेली वही रागाच्या पत्रापेक्षा जास्त कामाला येते.

आईबाबांसाठी दोन शब्द : थरथर अचानक आणि जोरात सुरू झाली, तर वेग हळूहळू कमी करा, सुरक्षित जागी थांबा आणि चाकाचे नट, टायरचे फुगवटे बघा. काही सैल किंवा फुगलेलं दिसलं, तर तसेच पुढे जाऊ नका. वेगाची मर्यादा ओलांडून चाचणी घेऊ नका. आणि मागच्या सीटवरून एखादा प्रश्न आला, तर "तुला काय कळतंय?" असं म्हणण्याआधी जरा ऐका!

आणि दोस्तांनो, तुमच्यासाठी या आठवड्याचं कोडं : छताचा पंखा एक नंबरवर शांत फिरतो, पण पाच नंबरवर डुगडुगतो. का बरं? घरातल्या मोठ्यांबरोबर विचार करा आणि उत्तर लिहून पाठवा. फक्त एक लक्षात ठेवा. उत्तर लिहिण्याआधी पंख्याला चार प्रश्न विचारायचे!