कबुलीजबाब आणि कैफियत

दैनिकांच्या गुन्हेवार्तेत एक वाक्य आपण इतक्या वेळा वाचलेले असते की डोळ्यांना ते दिसेनासे झाले आहे: 'पोलिसी खाक्या दाखवताच आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली.' हा खाक्या म्हणजे नेमके काय, तो किती रात्री आणि शरीराच्या कोणत्या भागावर दाखवला गेला, हे बातमीदार विचारीत नाही, संपादक विचारीत नाही आणि चहाबरोबर ती बातमी वाचणारे आपणही विचारीत नाही. तपास लागला याचे समाधान मानून आपण पान उलटतो. ज्याच्यावर तो दाखवला गेला तो माणूस घरी परतल्यावर झोपतो का, कामावर जाऊ शकतो का, रात्री दारावर थाप पडली की त्याचे काय होते, या प्रश्नांना आपल्या सार्वजनिक जीवनात जागाच उरलेली नाही. त्या रिकाम्या जागेविषयी मला लिहावयाचे आहे.

जून-जुलैच्या मासेमारीबंदीत आमच्या उत्तनच्या पातान बंदरात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. याच दिवसांत, २६ जूनला, छळपीडितांच्या समर्थनार्थ संयुक्त राष्ट्रांनी नेमलेला दिवस येतो आणि कोणाच्याही ध्यानी न येता जातो. त्यानंतर पंधरवड्याने येणारा ११ जुलै मात्र आमच्या मीरा-भाईंदरला विसरता येत नाही. २००६ साली त्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या सात गाड्यांत स्फोट झाले, त्यांतला एक आमच्याच मीरा रोड-भाईंदरच्या टप्प्यात झाला, आणि दिवसभराची नोकरी आटोपून घराकडे निघालेली पावणेदोनशेहून अधिक माणसे मृत्यू पावली. त्या कुटुंबांचे दुःख कोणत्याही युक्तिवादाने हलके होत नाही, आणि पुढे जे लिहीत आहे ते त्या दुःखाच्या विरोधात नाही.

या स्फोटांच्या खटल्यात विशेष न्यायालयाने २०१५ साली बारा जणांना दोषी ठरवून पाचांना फाशी आणि सातांना जन्मठेप सुनावली होती. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्या सर्वांना निर्दोष ठरवले. त्या निकालपत्रातील माझ्या मते सर्वांत गंभीर भाग कबुलीजबाबांविषयीचा आहे. निरनिराळ्या अधिकाऱ्यांनी निरनिराळ्या आरोपींकडून नोंदवलेल्या जबाबांतले मजकूर ठिकठिकाणी एकसारखे असल्याचे न्यायालयाने दाखवले, आणि हे जबाब मिळवण्यासाठी छळ झाल्याचे आरोपींनी सिद्ध केले असेही नमूद केले. राज्य सरकारच्या अपिलावर सर्वोच्च न्यायालयाने तीनच दिवसांनी हा निकाल अन्य खटल्यांत दाखला म्हणून मानू नये असा आदेश दिला, परंतु सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात जावे लागणार नाही हेही स्पष्ट केले. अपिलाचे जे व्हायचे ते होईल. माझा मुद्दा त्याहून अलीकडचा आहे: एकोणीस वर्षांनी तुरुंगाचे दार उघडते तेव्हा बाहेर येणाऱ्या माणसाच्या हाती न्यायालयाचा हुकूम असतो, पण त्याच्या शरीराची आणि मनाची जबाबदारी घेणारे एकही सरकारी दफ्तर दाराशी उभे नसते.

जगात हे काम अगदीच नवे नाही. डेन्मार्कमध्ये इंगे गेनेफके या डॉक्टर बाईंनी १९८२ साली कोपनहेगनला छळपीडितांच्या उपचारांचे केंद्र काढले. लंडनला हेलेन बॅम्बर यांनी १९८५ साली तसेच काम उभे केले. या केंद्रांतून एक गोष्ट ठळक झाली, ती अशी की छळ झालेल्या माणसाला सामान्य दवाखानाही भीतीचे ठिकाण वाटू शकतो. ज्याला विजेचे झटके दिले गेले त्याच्या छातीला हृदयाच्या तपासणीच्या तारा लावणे, ज्याला खुर्चीत बांधून ठेवले त्याला दंतवैद्याच्या खुर्चीत निजवणे, ज्याला बंद खोलीत कोंडले त्याला दार लावून तपासणे, यांतल्या प्रत्येक कृतीने तो पुन्हा त्याच रात्रीत जाऊन पडतो. म्हणून तेथे प्रत्येक कृती आधी समजावून सांगतात आणि संमती मिळेपर्यंत थांबतात. तळपायांवर मार बसलेल्याला पुढे कित्येक वर्षे चालताना वेदना होतात, आणि वरवर पाहता तेथे वळही नसतो. अशा वेदनेवर ती खरी मानणारा व्यायामोपचारतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ दोघे मिळून काम करतात.

आपल्या देशात या क्षेत्रातले मला सर्वांत मोलाचे वाटणारे काम वाराणसीचे आहे. तेथील मानवाधिकार जननिगरानी समितीने डेन्मार्कच्या संस्थेच्या साह्याने साक्ष-उपचाराची एक पद्धत चालवली. पीडिताने आपली हकीकत आपल्या शब्दांत सांगायची, ती लिहून घ्यायची, त्याला वाचून दाखवायची, त्याच्या मनाप्रमाणे दुरुस्त करायची आणि मग त्याची इच्छा असेल तर गावासमोर, त्याचा सन्मान करून, ती वाचायची. कोठडीत माणसाच्या तोंडी दुसऱ्याचे शब्द घालून त्याखाली त्याची सही घेतली जाते. येथे त्याचे स्वतःचे शब्द त्याला परत मिळतात. कबुलीजबाब आणि कैफियत या दोन जुन्या दफ्तरी शब्दांतले अंतर या उपचाराइतके स्पष्ट मला अन्यत्र कोठे दिसले नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो, कारण ती विषण्ण करणारी आहे. कबुलीसाठी इजा करणे हा १८६० च्या दंडसंहितेपासून गुन्हा आहे. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ साली सही केली, पण त्यास मान्यता अजून दिलेली नाही; त्या कराराचे चौदावे कलम पीडिताला भरपाईबरोबर शक्य तितक्या पूर्ण पुनर्वसनाचा हक्क देते. २०१० साली लोकसभेने छळ रोखण्यासाठीचे विधेयक संमत केले, ते पुढे राज्यसभेत अडून बारगळले, आणि विधी आयोगाने २०१७ साली २७३ व्या अहवालात नवा मसुदा दिला तोही तसाच पडून आहे.

परंतु दिल्लीच्या वाटेकडे डोळे लावून बसण्याचे महाराष्ट्राला कारण नाही. मुंबई महापालिकेने 'सेहत' या संस्थेबरोबर २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' केंद्र सुरू केले. घरी मारहाण सोसणारी स्त्री पोलिसांत जावो न जावो, रुग्णालयात येतेच, हे ओळखून समुपदेशन तेथेच ठेवले, आणि हा प्रयोग पुढे मुंबईच्या इतर रुग्णालयांतही गेला. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा 'प्रयास' १९९० पासून कैद्यांमध्ये काम करतो आहे. बलात्कार आणि अॅसिडहल्ल्याच्या पीडितांसाठी २०१३ पासून राज्याची 'मनोधैर्य' योजना आहे. म्हणजे जागा, माणसे आणि योजनेची चौकट, तिन्ही उपलब्ध आहेत. कोठडीतील छळ सोसलेल्यांना या चौकटीत घेण्याची तेवढी तजवीज करायची आहे, आणि ती खटल्याच्या निकालावर अवलंबून ठेवता कामा नये. गुन्हेगारालाही मोडलेला पाय बांधून मिळतो. छळाच्या जखमेला वेगळा शिरस्ता लावण्याचे कारण मला दिसत नाही.

अशा उपचारांचे केंद्र पोलिसांच्या आवारात नसावे, रुग्णालयात असावे, आणि जिल्ह्याच्या ठिकाणापुरते न राहता आमच्यासारख्या टोकाच्या वस्त्यांच्या आवाक्यात असावे. उत्तनहून डोंगरी, मोर्वा, राई, मुर्धा ही गावे ओलांडली की भाईंदर पश्चिमेला भारतरत्न पंडित भीमसेन जोशी रुग्णालय येते, ज्याला लोक अजून टेंभा म्हणतात. तेथे एक खोली मिळावी. तिचे दार आतून उघडता येईल असे असावे, बसणाऱ्याची खुर्ची दारालगत असावी, आणि तो जे सांगेल ते लिहून झाल्यावर त्या कागदावर सही करायची की नाही हे त्याने स्वतः ठरवावे.