आधी अर्थिंग, मग अॅम्प्लिफायर! घरच्या साउंड सिस्टिमला ‘पॉवर कंडिशनर’ खरेच लागतो का?

हिंजवडीत नोकरी, पिंपरी-चिंचवडमध्ये फ्लॅट आणि शनिवार-रविवारसाठी मुळशी तालुक्यात रिहे, खांबोली किंवा कातरखडकच्या बाजूला छोटेसे घर, हे गणित अनेकांनी जमवले आहे. गावातल्या जुन्या कौलारू घरांच्या जागीही स्लॅबची घरे उभी राहत आहेत. अशा घराच्या हॉलमध्ये मोठा टीव्ही येतो, होम थिएटर येते, हौशी माणसाकडे चांगला अॅम्प्लिफायर आणि स्पीकरची जोडी येते. बिल करताना दुकानदार हमखास विचारतो, ‘‘पॉवर कंडिशनर घेतला का?’’

या डब्याची किंमत काही हजारांपासून काही लाखांपर्यंत जाते. ‘लाइन खराब आहे, सिस्टिम उडेल’ ही भीती आणि ‘आवाज खुलेल’ हे आमिष, दोन्हींवर तो विकला जातो. रिहे खोऱ्यासारख्या भागातल्या घरासाठी माझे उत्तर स्पष्ट आहे. आधी अर्थिंग, न्यूट्रल आणि डीबी नीट करा. त्यानंतर गरज उरलीच तर कंडिशनर घ्या. प्रश्न फक्त आवाजाचा नाही, घरातल्या माणसांच्या जिवाचाही आहे.

कंडिशनर नेमके काय करतो?

एकाच नावाखाली चार वेगळी कामे विकली जातात. पहिले, सर्ज प्रोटेक्शन: विजेचा क्षणभराचा जबर झटका व्हेरिस्टर नावाचा छोटा भाग गिळतो. दुसरे, फिल्टर: तारेतून येणारा उच्च वारंवारतेचा खरखराट कमी करतो. तिसरे, आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर: बाहेरची लाइन आणि तुमचे उपकरण यांच्यातला थेट विद्युत संबंध तोडतो. चौथे, स्टॅबिलायझर: व्होल्टेज ठरावीक मर्यादेत ठेवतो.

बाजारातले बरेचसे कंडिशनर पहिली दोनच कामे करतात. व्होल्टेज १७० वर आले तर फिल्टर ते २३० करून देत नाही. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरही आत जेवढे कमी, तेवढेच बाहेर कमी देतो. त्यामुळे डबा घेण्याआधी आपल्या घराचा आजार कोणता, हे कळायला हवे.

आधी मीटर लावा, मग खिसा उघडा

व्होल्टेज दाखवणारा छोटा डिजिटल मीटर काहीशे रुपयांत मिळतो. तो आठवडाभर प्लगला लावा. सकाळी पाण्याची मोटर चालू असताना, दुपारी आणि संध्याकाळी सात ते दहाच्या वेळेत आकडे टिपा. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांनी घरगुती पुरवठ्यात ६ टक्के कमी-जास्तची मुभा दिली होती. २३० व्होल्ट धरले तर ही मर्यादा २१६ ते २४४ होते. बहुतेक उपकरणे १० टक्क्यांचा फरक, म्हणजे २०७ ते २५३, सहज सोसतात.

मग उपकरणाच्या मागचे लेबल पाहा. तिथे ‘१००-२४०’ छापले असेल तर आतला पॉवर सप्लाय स्वतःच कमी-जास्त व्होल्टेज सांभाळतो. आजचे अनेक साउंडबार, स्ट्रीमर आणि क्लास डी अॅम्प्लिफायर या प्रकारचे असतात. त्यांना स्टॅबिलायझरची गरज नाही. लेबलवर फक्त ‘२३०’ असेल आणि डबा उचलताना जड लागत असेल, तर आत बहुधा मोठा ट्रान्सफॉर्मर आहे. मीटर वारंवार २०० च्या खाली जात असेल, तर अशा अॅम्प्लिफायरला स्टॅबिलायझर द्यावा. शक्यतो सर्वो प्रकारचा. रिले प्रकारच्या स्टॅबिलायझरमध्ये व्होल्टेज पायरी-पायरीने बदलते आणि गाणे रंगात आले असताना ‘टक्’ असा आवाज येतो.

तारेचे गणित काय सांगते?

महागड्या पॉवर केबलचा मुद्दा शाळेतल्या ओहमच्या नियमाने तपासता येतो. साधी स्टिरिओ सिस्टिम ऐकताना बहुधा १०० वॅटच्या आसपास वीज घेते. जोरात लावली तरी ३००-४०० वॅट, म्हणजे २ अँपिअरच्या आत.

अॅम्प्लिफायरसोबत आलेल्या दीड मीटरच्या साध्या केबलमध्ये २ अँपिअरला सुमारे ०.०७ व्होल्ट पडतात. डीबीपासून हॉलपर्यंत १५ मीटर अंतरावर २.५ चौरस मिमीची तांब्याची वायर असेल, तर ०.४४ व्होल्ट. आता खांबापासून घरापर्यंतची सर्व्हिस वायर घ्या. सुट्या वस्तीत घर खांबापासून ६० मीटर लांब असणे नवलाचे नाही. १० चौरस मिमीच्या अॅल्युमिनियम वायरचा जाऊन-येऊन रोध ०.३७ ओहम होतो. एक एचपीची मोटर सुरू होताना क्षणभर ३० अँपिअर ओढते, तेव्हा एवढ्या वायरमध्येच ११ व्होल्ट गळतात.

११ व्होल्टची गळती बाहेर सोडून ०.०७ व्होल्टवर हजारो रुपये घालणे म्हणजे घागर फुटकी ठेवून वाटीला कल्हई करणे. सर्व्हिस वायर योग्य जाडीची घ्या आणि मीटर, मेन स्विचचे जोड घट्ट आहेत का ते पाहा. सैल जोड व्होल्टेज खातो आणि आगही लावतो.

सर्वांत मोठा धोका: तुटलेला न्यूट्रल

गावातल्या खांबांवरून तीन फेज आणि एक न्यूट्रल जातो. घरे तिन्ही फेजवर वाटलेली असतात, न्यूट्रल सगळ्यांचा एकच. वादळात फांदी पडून किंवा जोड गंजून न्यूट्रल तुटला, तर वेगवेगळ्या फेजवरची घरे एकमेकांशी सलग जोडल्यासारखी होतात. ज्या घरात लोड कमी, तिथे व्होल्टेज जास्त चढते. ३०० च्या पुढे, अगदी ४०० च्या दिशेने. म्हणजे शनिवारी संध्याकाळी दोन दिवे आणि अॅम्प्लिफायर एवढेच चालू असलेले वीकेंडचे घर यात आधी सापडते.

इथे कंडिशनरमधला व्हेरिस्टर कामाचा नाही. तो सेकंदाच्या लाखाव्या भागातल्या झटक्यांसाठी बनवलेला असतो. व्होल्टेज मिनिटभर चढलेले राहिले तर तो स्वतः तापून जळतो. यावर उपाय म्हणजे डीबीमध्ये बसणारा ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर. व्होल्टेज मर्यादेबाहेर गेले की तो पुरवठा तोडतो, स्थिरावले की थोडा वेळ थांबून जोडतो. तो फ्रिज, टीव्ही, राउटर सगळ्यांनाच वाचवतो. माझ्या मते खोऱ्यातल्या प्रत्येक घराची पहिली खरेदी ही असावी.

अॅम्प्लिफायरला हात लावला की झिणझिण्या का येतात?

फिल्टरमध्ये फेज ते अर्थ आणि न्यूट्रल ते अर्थ असे दोन छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग चांगले असेल तर त्यातून गळणारा किरकोळ प्रवाह जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर उपकरणाची धातूची पेटी निम्म्या व्होल्टेजवर, ११५ च्या आसपास, तरंगत राहते. मग हात लावला की झिणझिण्या येतात. एकाच पट्टीवर चार-पाच उपकरणे असतील तर त्यांची गळती एकत्र येते. अर्थिंगशिवाय कंडिशनर लावला तर त्यातले कपॅसिटर या गळतीत भरच घालतात.

मुळशीत मुरूम आणि खाली काळा पाषाण. पावसाळ्यात ओल भरपूर, पण एप्रिल-मेमध्ये जमीन कोरडी पडते आणि अर्थिंगचा रोध वाढतो. म्हणून मोजणी उन्हाळ्यात करून घ्या. इलेक्ट्रिशियन साधारणपणे ५ ओहमच्या आतला आकडा चांगला धरतात. खड्ड्यात पाणी घालायची सोय ठेवा. सोबत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. माणसाच्या अंगातून प्रवाह जमिनीकडे जाऊ लागला तर पुरवठा तोडणारे हेच उपकरण आहे.

दोन गोष्टी कधीही करू नका. गुणगुण थांबते म्हणून प्लगची अर्थ पिन काढू नका. आणि सिस्टिमसाठी घराच्या अर्थिंगपासून तुटलेला वेगळा रॉड ठोकू नका. जवळ वीज पडली तर दोन अर्थिंगमध्ये हजारो व्होल्टचा फरक पडू शकतो आणि तो तुमच्या उपकरणांतून वाट काढतो.

बेसूर पंचम

स्पीकरमधून येणारी ‘हम्म्’ अशी गुणगुण ५० किंवा १०० हर्ट्झची असते. काळी एकमध्ये लावलेल्या पुरुषी तानपुऱ्याच्या पंचमाची तार १०४ हर्ट्झच्या आसपास असते. तिच्याशेजारी १०० ची गुणगुण म्हणजे सतत वाजणारा उतरलेला पंचम. शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्याला ती का खुपते, याचे उत्तर इथे आहे.

पण तिचे कारण बहुतेक वेळा ‘खराब वीज’ नसते. अॅम्प्लिफायर एका प्लगवर, टीव्ही दुसऱ्या खोलीतून आलेल्या प्लगवर आणि छतावरच्या डिशची केबल तिसरीकडून अर्थला टेकलेली, असे असले की अर्थच्या तारांचे वेटोळे तयार होते. त्यातून फिरणारा छोटा प्रवाह गुणगुण म्हणून ऐकू येतो. डिशची केबल काढून पाहा. आवाज थांबला तर त्या केबलला आयसोलेटर लावा. हा खर्च कंडिशनरच्या मानाने नगण्य आहे.

इलेक्ट्रिशियनला काय सांगाल?

घर बांधतानाच सांगितले तर काम सोपे होते. डीबीपासून हॉलपर्यंत साउंड सिस्टिमसाठी एक स्वतंत्र सर्किट मागा: २.५ चौरस मिमी तांब्याची वायर, स्वतःचा न्यूट्रल, स्वतःची अर्थ वायर आणि १६ अँपिअरचा सी प्रकारचा एमसीबी. मोठा ट्रान्सफॉर्मर सुरू होताना क्षणभर जास्त प्रवाह ओढतो. बी प्रकारचा एमसीबी त्या वेळी पडू शकतो. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स आणि अॅम्प्लिफायर याच सर्किटवर, जवळजवळच्या सॉकेटवर ठेवा. फ्रिज, मोटर, मिक्सर, डिमर यावर नकोत. थ्री-फेज जोडणी असेल तर सगळी सिस्टिम एकाच फेजवर घ्या. डीबीमध्ये सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस बसवा आणि त्याची अर्थ वायर जितकी आखूड तितकी बरी. काम परवानाधारक कंत्राटदाराकडूनच करून घ्या.

इन्व्हर्टर घेताना ‘प्युअर साइन वेव्ह’ पाहून घ्या. स्क्वेअर वेव्हवर ट्रान्सफॉर्मर घुमतो आणि तापतो. सौर पॅनेल बसवणाऱ्यांनीही दुपारचे व्होल्टेज तपासावे. २०२४ मध्ये आलेल्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटसाठी ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळते. पण लांबच्या, कमकुवत लाइनवर भर दुपारी सौर वीज उलट जाऊ लागली की व्होल्टेज वर चढते.

वळवाच्या पावसात मात्र कोणत्याही डब्यावर विसंबू नका. पुण्यातील पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ अॅप जवळपासच्या विजांचा इशारा देते. इशारा आला की प्लग, डिशची केबल आणि नेटची केबल, तिन्ही काढा.

अमेरिकेतून आणलेली सिस्टिम

मुलाने किंवा बहिणीने अमेरिकेतून पाठवलेली सिस्टिम १२० व्होल्ट, ६० हर्ट्झची असते. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, हर्ट्झ नाही. जुन्या टर्नटेबलची सिंक्रोनस मोटर आपल्या ५० हर्ट्झवर सहा भागांतले पाचच फिरते. ३३ च्या वेगाची रेकॉर्ड मिनिटाला २८ पेक्षाही कमी फेरे घेते आणि काळी एकचा षड्ज तीन पट्ट्यांहून थोडा अधिक उतरून खालच्या काळी पाचशी जातो. तिकडचा १२० व्होल्टचा कंडिशनर तर इथे थेट लावताच जळेल.

घरापुरता उपाय पुरेसा आहे का?

जपानमध्ये काही श्रोत्यांनी केवळ साउंड सिस्टिमसाठी घरापुढे स्वतःचा विजेचा खांब उभारल्याची बातमी २०१६ मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने दिली होती. ती हौस त्यांना लखलाभ. आपल्याकडे खांब सामाईक आहे आणि दुखणेही.

स्टॅबिलायझर तुमच्या घरात २३० व्होल्ट राखतो, पण त्यासाठी लाइनमधून जास्त प्रवाह ओढतो. १००० वॅटच्या लोडला २३० व्होल्टवर ४.३ अँपिअर लागतात; १८० वर तेच ५.६ होतात. प्रत्येकाने स्टॅबिलायझर लावला की लाइन आणखी दबते आणि ज्याच्याकडे स्टॅबिलायझर नाही, त्याचा पंखा आणखी मंदावतो. वीकेंडच्या घरातला स्वच्छ सूर शेजारच्या शेतकऱ्याच्या घरातल्या अंधुक दिव्यावर उभा राहू नये.

म्हणून टिपलेले आकडे वहीत पडून राहू देऊ नका. १९१२ वर तक्रार करा, तक्रार क्रमांक जपा, त्याच ट्रान्सफॉर्मरवरच्या घरांची एकत्रित लेखी तक्रार महावितरणच्या कार्यालयात द्या. वीज कायदा, २००३ च्या कलम ५७ नुसार सेवेची मानके आयोग ठरवतो आणि ती न पाळल्यास भरपाईची तरतूद आहे. कलम ४२ नुसार तक्रार निवारण मंच आणि त्यावर विद्युत लोकपाल आहे. ‘लाइट डिम आहे’ या तोंडी तक्रारीपेक्षा तारीख, वेळ आणि व्होल्टेजचा तक्ता जड भरतो.

मुळशीचे विजेशी नाते जुने आहे. १९२१ मध्ये टाटांच्या धरणाविरोधात सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली इथल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. धरण झाले, पाणी भिऱ्याला उतरले आणि वीज मुंबईला गेली. शंभर वर्षांनंतर याच तालुक्यातल्या शेवटच्या खांबावरच्या घराने २३० व्होल्ट मागणे ही चैन नाही. लाखाच्या कंडिशनरऐवजी खांबावरचा न्यूट्रलचा जोड दुरुस्त झाला, तर त्याचा फायदा अॅम्प्लिफायरला होईल आणि त्या लाइनवरच्या प्रत्येक घराला.