इनोसंट तिसरा : ‘महान’ पोप कोणासाठी?

पोप इनोसंट तिसरा मध्ययुगातला सर्वात सामर्थ्यवान पोप होता, असे इतिहासाची पुस्तके कौतुकाने सांगतात. सामर्थ्य होतेच. पण ते कोणावर चालले, हे कोणी विचारत नाही.

११९८ मध्ये, चाळिशीच्या आतच तो पोप झाला. पोपची सत्ता सूर्य आणि राजाची सत्ता चंद्र, हा त्याचा सिद्धांत. इंग्लंडच्या जॉन राजाने त्याचा आर्चबिशप नाकारला, तेव्हा १२०८ मध्ये त्याने अख्ख्या देशातील उपासना बंद केली. भांडण राजाशी, पण पवित्र भूमीत दफन नाकारले गेले ते सामान्य माणसांच्या प्रेतांना! १२१३ मध्ये जॉन शरण आला, पोपचा मांडलिक झाला आणि वर्षाला १००० मार्क देण्याचे त्याने कबूल केले. १२१५ च्या जूनमध्ये सरदारांनी याच राजाकडून मॅग्ना कार्टा मिळवला. २४ ऑगस्टला पोपने तो रद्द ठरवला. ही सनद सरदारांच्या सोयीची होती, भूदासांना तिने फारसे दिले नाही, हे मान्य. पण राजालाही कायदा लागू होतो हे कागदावर आले होते. धर्मसत्तेला तेवढेही सोसले नाही.

फ्रान्सच्या दक्षिणेतील कॅथर पंथीयांविरुद्ध त्याने धर्मयुद्ध पुकारले. १२०९ मध्ये बेझिए शहरात कत्तल झाली. वय, लिंग न पाहता सुमारे २०,००० माणसे मारली, असे पोपच्याच प्रतिनिधीने त्याला अभिमानाने कळवले.

१२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने तर ज्यू आणि मुस्लिमांनी वेगळा पोशाख घालावा, असा नियम केला. कारण काय, तर ओळख न पटल्याने ख्रिश्चनांशी शरीरसंबंध येऊ नयेत! ज्यूंना सार्वजनिक पदेही नाकारली. माणसाच्या अंगावर हीनतेची खूण चढवून रक्ताची शुद्धता राखायची, हा खटाटोप आपल्याला नवा आहे काय?

समर्थक म्हणतील, ११९९ मध्ये त्यानेच ज्यूंच्या संरक्षणाचे फर्मान काढले होते. काढले होते. ज्यूंना मारू नका, त्यांचा बळजबरीने बाप्तिस्मा करू नका, असे त्यात होते. पण त्यांनी दबूनच राहावे, ही अट कायम होती. जगू देणे म्हणजे समता नव्हे.

बाबासाहेबांनी १९३६ मध्ये ‘जातिप्रथेचे विध्वंसन’मध्ये ल्यूथरचा दाखला देऊन सांगितले की युरोपात राजकीय मुक्तीच्या आधी धार्मिक सुधारणा झाली. का व्हावी लागली, त्याचे उत्तर इनोसंटच्या कारकिर्दीत आहे. धर्मसत्तेला जाब विचारता येत नाही तोवर हक्कांची कोणतीही सनद एका फर्मानाने फाडता येते.