मंडप आणि मतपेटी

फेब्रुवारी २०२३ मध्ये रायपूर येथे काँग्रेसचे ८५ वे अधिवेशन भरले. कार्यकारिणीची निवडणूक न घेता तिचे सभासद अध्यक्षांनीच नेमावेत, असे पहिल्याच दिवशी सुकाणू समितीने ठरविले. ज्या संस्थेची जडणघडणच अधिवेशनांतून झाली, तिचा हा निर्णय किरकोळ मानणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही.

१८८५ चे पहिले अधिवेशन पुण्यात पटकीची साथ आल्यामुळे मुंबईस हलविण्यात आले. तेथे अवघे ७२ प्रतिनिधी होते. १९०७ साली सुरतेस लोकमान्य टिळक व्यासपीठावर असताना पुणेरी जोडा भिरभिरत आला, खुर्च्या मोडल्या आणि पक्ष दुभंगला. प्रसंग लाजिरवाणा खराच. परंतु मतभेद निवडीस टाकण्याची रीतच नसली म्हणजे जोडा हाती येतो, हेही तितकेच खरे. ती रीत १९२० साली नागपूरने घालून दिली : चार आणे वर्गणीचा सभासद, भाषावार प्रांतिक समित्या, लोकसंख्येच्या प्रमाणात प्रतिनिधी. पुढे १९३६ साली तर खानदेशातील फैजपूरसारख्या खेड्यात अधिवेशन भरले.

या रीतीची खरी कसोटी १९३९ साली लागली. सुभाषबाबूंनी पट्टाभि सीतारामय्यांचा १५८० विरुद्ध १३७७ मतांनी पराभव केला. गांधीजींनी तो स्वतःचाच पराभव मानला. नंतर त्रिपुरीस, निर्वाचित अध्यक्ष आजारी असताना, कार्यकारिणी गांधीजींच्या इच्छेनुसारच नेमावी असा पंतांचा ठराव संमत झाला आणि एप्रिलमध्ये सुभाषबाबूंनी राजीनामा दिला. गांधीजींविषयीचा आदर जराही उणा न करता आम्ही म्हणू की, तेथे मतपेटीचा कौल मंडपात फिरविला गेला.

तिरुपतीस १९९२ साली तेच घडले. शरद पवार, अर्जुन सिंग प्रभृती मतांनी निवडून आले. परंतु निवडून आलेल्यांत दलित वा स्त्रिया नाहीत, या कारणास्तव नरसिंह रावांनी राजीनामे घेऊन कार्यकारिणीची फेररचना केली. १९९७ ची कोलकात्याची निवडणूक ही अखेरची.

२०२२ साली अध्यक्षपदासाठी खर्गे व थरूर यांच्यात रीतसर मतदान झाले, हे आम्ही विसरलेलो नाही. आता रायपूरनेच घटनादुरुस्ती करून कार्यकारिणीच्या निम्म्या जागा दलित, आदिवासी, इतर मागास, अल्पसंख्य, स्त्रिया व तरुण यांच्यासाठी राखल्या आहेत. म्हणजे तिरुपतीचे कारणही उरले नाही. मग या राखीव जागा मतपेटीतून का भरू नयेत?